चाक डोळ्याने निवडावे की गणिताने?



कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे असे करीत माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. या रस्त्याने भाजीपाल्याचे टेम्पो जातात, दुधाच्या गाड्या जातात, माणसांनी भरलेल्या जीपगाड्या जातात आणि शाळेची मुलेही जातात. अलीकडे या गाड्यांमध्ये एक गोष्ट वारंवार नजरेस पडते. गावातल्या एखाद्या तरुणाने जुनी मोटार घेतली, की पहिला खर्च होतो तो चाकांवर. कारखान्यातून आलेली साधी चाके उतरतात आणि त्यांच्या जागी चकचकीत अलॉय रिम, रुंद टायर आणि मडगार्डच्या बाहेर चार बोटे आलेली चाके बसतात. गाडीला रुबाब येतो, यात शंका नाही. परंतु चाकाचे माप ही केवळ रुबाबाची बाब आहे काय?

माझे मत असे, की चाक डोळ्याने निवडण्याची वस्तूच नाही. ते कामाने आणि गणिताने निवडावे लागते. आणि गंमत अशी, की त्यासाठी लागणारे गणित नववी-दहावीच्या पुस्तकाबाहेरचे नाही.

चाक कामाने निवडण्याची अक्कल आपल्याकडे नवी नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती तापवून बसवी. थंड झाल्यावर ती आकुंचन पावून आरे आणि तुंबा यांना घट्ट आवळून धरी. धाव एक बोट मोठी झाली तर सैल पडे, लहान झाली तर चढतच नसे. आजही भाताच्या खाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी पट्ट्यांची रुंद जाळीदार चाके लावतात, कारण चिखलात रुतायचे नसते. तीच चाके लावून कोणी डांबरी रस्त्याने मुरबाडला बाजाराला जात नाही. शेतकऱ्याला जे शेतात कळते, ते मोटारीच्या बाबतीत विसरण्याचे कारण काय?

आता टायरवरचे आकडे वाचायला शिकू. एका टायरवर ‘१६५/८० आर १४ ८५ एस’ असे लिहिलेले आहे असे समजा. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. १४ हा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. ८५ हा भारांक आहे. त्याचा अर्थ, असा एक टायर जास्तीत जास्त ५१५ किलोग्रॅम भार पेलू शकतो. ‘एस’ हे वेगाचे चिन्ह असून त्याची मर्यादा ताशी १८० किलोमीटर आहे. मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी ही तीन मापांची खिचडी आहे खरी, पण एकदा उलगडली की सोपी आहे.

संपूर्ण चाकाचा व्यास काढू. रिमचे १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची अशा दोन भिंती, म्हणजे २६४ मिलिमीटर मिळवा. बेरीज झाली ६१९.६ मिलिमीटर. आता दुसरे माप घ्या : १८५/६५ आर १५. येथे रिम एक इंचाने मोठी आहे, टायर रुंद आहे, पण भिंत कमी उंच आहे. हिशेब केला तर व्यास येतो ६२१.५ मिलिमीटर. दोन्हींमध्ये फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही! स्विफ्टसारख्या मोटारीच्या साध्या आणि महाग प्रकारांना कारखान्याने हीच दोन मापे दिलेली आढळतात. रिम बदलली, तरी बाहेरचा व्यास मात्र कारखान्याने हलू दिला नाही.

का बरे? गाडीचा वेगदर्शक काटा रस्ता मोजत नाही, तो फेरे मोजतो. एका फेऱ्यात किती अंतर जाते, हे कारखान्याने मूळ व्यासावरून धरलेले असते. आता हौसेखातर कोणी २०५/६५ आर १५ हा टायर चढवला, तर व्यास होतो ६४७.५ मिलिमीटर, म्हणजे मूळ व्यासापेक्षा साडेचार टक्के जास्त. काटा ६० दाखवील, पण गाडी जवळजवळ ६३ च्या वेगाने धावत असेल. शिवाय इंजिनाचे आघूर्ण तेच राहिले आणि त्रिज्या वाढली, तर रस्त्यावर मिळणारे बल त्याच प्रमाणात घटते. भरलेली गाडी घाट चढताना ही घट जाणवते. त्रिज्या वाढली की ब्रेकची पकडही रस्त्यापर्यंत पोहोचताना तेवढीच कमी होते, हे अधिक महत्त्वाचे.

व्यास जुळला म्हणजे सर्व जुळले, असे मात्र नाही. २०५/४५ आर १७ या टायरचा व्यास ६१६.३ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापाच्या अगदी जवळ आहे. पण त्याच्या भिंतीची उंची किती? अवघी ९२ मिलिमीटर. मूळची होती १३२. चाकाची पहिली स्प्रिंग म्हणजे टायरमधली हवा, आणि आपण त्या स्प्रिंगची ४० मिलिमीटर उंची काढून टाकली. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर हे खपून जाईल. पावसाळ्यानंतरच्या आपल्या खड्ड्यांत मात्र रिमच वाकेल किंवा तडकेल.

आता ज्या मापाबद्दल सर्वांत कमी बोलले जाते त्याकडे वळू. त्याला ‘ऑफसेट’ म्हणतात. दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा एक डबा डोळ्यांपुढे आणा. त्याच्या आत एक आडवा पडदा आहे. डबा म्हणजे रिम, आणि पडदा म्हणजे बोल्टांनी हबवर बसणारा भाग. पडदा बरोबर मध्यावर असेल तर ऑफसेट शून्य. पडदा बाहेरच्या तोंडाकडे असेल तर रिम गाडीच्या आत सरकते, हा धन ऑफसेट. पडदा आतल्या तोंडाकडे असेल तर रिम बाहेर येते, हा ऋण ऑफसेट. रिमवर ‘ईटी ४५’ असे कोरलेले असते, त्याचा अर्थ पडदा मध्यापासून ४५ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे.

एक उदाहरण सोडवू. समजा, मूळ रिम ५ इंच रुंद आणि ऑफसेट ४५ आहे. नवी रिम ७ इंच रुंद आणि ऑफसेट २५ आहे. जुन्या रिमची अर्धी रुंदी ६३.५ मिलिमीटर, म्हणून तिची बाहेरची कड हबपासून ६३.५ वजा ४५, म्हणजे १८.५ मिलिमीटरवर होती. नव्या रिमची अर्धी रुंदी ८८.९, म्हणून तिची कड ८८.९ वजा २५, म्हणजे ६३.९ मिलिमीटरवर जाईल. चाक सुमारे साडेचार सेंटिमीटर बाहेर आले! आतल्या बाजूची कडही पाच मिलिमीटर आत गेली. दुकानात गाडी उभी असताना चाक कोठेही घासत नाही. आठ माणसे बसली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले, की मग टायर मडगार्डला कापला जातो.

घासण्यापेक्षा गंभीर गोष्ट पुढेच आहे. पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेतली तर मैलभर नेता येते. तीच हात लांब करून धरली तर मिनिटभरात खांदा दुखतो. कळशीचे वजन वाढलेले नसते, भुजा वाढलेली असते. चाकाच्या बेअरिंगचेही असेच आहे. एका चाकावर ३०० किलोग्रॅम भार, म्हणजे सुमारे ३००० न्यूटन बल आहे असे धरा. चाकाचा मध्य २० मिलिमीटर बाहेर सरकला तर बेअरिंगवर ६० न्यूटन-मीटर जास्तीचे आघूर्ण आले. एक मीटर लांबीच्या पहारीच्या टोकाला सहा किलोचे ओझे टांगून ती बेअरिंगमध्ये कायमची अडकवून ठेवण्यासारखे हे आहे. खड्ड्यात भार क्षणभर दुप्पट झाला, की हे आघूर्णही दुप्पट होते. बेअरिंग त्या दिवशी तुटत नाही, काही महिन्यांनी घरघरू लागते. तोवर दुकानदार आणि रिम दोघेही विस्मरणात गेलेले असतात.

स्टिअरिंगचेही तेच. पुढचे चाक एका तिरप्या रेषेभोवती वळते. ही रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती जेथे टेकते तो बिंदू आणि टायरच्या टेकणीचा मध्य यांत थोडेसे अंतर असते. अनेक गाड्यांत ते मोजक्याच मिलिमीटरांचे असते. १९७२ साली आलेल्या आउडी ८० या जर्मन मोटारीत अभियंत्यांनी ते मुद्दाम असे ठेवले, की एका बाजूचा ब्रेक कमी लागला तर चाके आपोआप विरुद्ध दिशेला किंचित वळून गाडी सरळ राहावी. अशा गाडीत चाक २० मिलिमीटर बाहेर सरकवले, तर ती रचनाच उलटी होऊ शकते. जी भुजा गाडीला सावरीत होती, तीच तिला एका बाजूला खेचू लागते. घाटाच्या उतारावर, ओल्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

“पण रुंद टायरची पकड चांगली असते ना?” असा प्रश्न तुम्ही विचाराल. टायर जमिनीला किती क्षेत्रफळाने टेकतो, हे मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवर ठरते. ३०० किलो भार आणि ३० पौंड दाब असेल, तर ते सुमारे १४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढे असते. रुंद टायरने या टेकणीचा आकार बदलतो. ती आडवी पसरते, पण क्षेत्रफळात फार फरक पडत नाही. कोरड्या रस्त्यावर वळणात रुंद टायरचा थोडा फायदा होतो, हे मान्य. पण आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचले असेल आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल, तर १६५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला दर सेकंदाला सुमारे सव्वाआठ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. २०५ च्या टायरला सव्वादहा लिटर. ते सारता आले नाही, की टायर पाण्यावर तरंगतो आणि मग स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही निकामी.

कायद्याचे म्हणणेही पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. परंतु केवळ दंडाच्या भीतीने चाक बदलू नये, असे मला वाटत नाही. भौतिकशास्त्राचे नियम पावती फाडीत नाहीत, ते सरळ वसुली करतात. आणि त्या वसुलीत मागच्या बाकावर बसलेले, ज्यांनी रिम निवडलेली नसते, तेही सापडतात.

शर्यतीच्या गाड्यांना रुंद चाके असतात, असाही युक्तिवाद केला जातो. असतात खऱ्या. पण तेथे चाकाबरोबर बेअरिंग, स्प्रिंगा आणि स्टिअरिंगची रचनाही बदललेली असते आणि ती पुनःपुन्हा तपासलेली असते. आपण तिच्यातला फक्त दिसणारा भाग उचलतो.

म्हणून हौस करूच नये असे नाही. हौस मापात करावी. त्या गाडीसाठी कारखान्याने मान्य केलेली मापे पुस्तिकेत आणि बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत असतात. त्यांतले मोठे माप घ्यावे. व्यास मूळच्या दोन टक्क्यांच्या आत, ऑफसेट मूळच्या शक्य तितका जवळ आणि भारांक मूळच्यापेक्षा कमी नको. दुकानदाराने किंमत सांगण्यापूर्वी ही तीन उत्तरे त्याच्याकडून घ्यावीत. तो वाईट माणूस नसतो. गिऱ्हाईक जे मागते ते तो विकतो. मागणाऱ्याने शहाणे व्हायला हवे.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की वर्षातला एक तास यासाठी द्यावा. सपाट पटांगणावर उभ्या असलेल्या एखाद्या गाडीच्या टायरवरचे आकडे मुलांना वहीत उतरवू द्या आणि व्यास काढू द्या. टायरवर खडूची खूण करून मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली गाडी हळूहळू ढकला आणि दहा फेऱ्यांचे अंतर टेपने मोजा. ते हिशेबाच्या परिघापेक्षा किंचित कमी भरेल. का, ते मुलांनाच विचारा. आणि पाच बोल्टांच्या चाकावर समोरासमोर बोल्ट नसताना बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास कसा मोजाल, हेही विचारा. शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतराला ३६ अंशांच्या साइनने भागले की तो मिळतो. त्रिकोणमिती कशासाठी शिकायची, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी फळ्याऐवजी चाकावर सापडेल.

तुमच्यापैकी काहीजण चार-पाच वर्षांत स्वतः गाडी चालवतील. काहींचे मोठे भाऊ आजच रिम पाहायला कल्याणला निघाले असतील. त्यांच्याबरोबर जा, आणि खिशात कागद-पेन्सिल असू द्या.