जखम मांडीला, मलम शेंडीला

महाविद्यालयाच्या कचेरीत सकाळी कारकून पेनड्राइव्ह संगणकाला लावतो आणि पाहतो तो काय, आदल्या दिवशी तयार केलेल्या गुणयाद्या दिसेनाशा झालेल्या! त्यांच्या जागी त्याच नावांची, पण कोपऱ्यात लहानसा बाण असलेली चिन्हे. मग धावाधाव सुरू होते. ‘हा पेनड्राइव्ह कोणी लावला?’ असा जाब विचारला जातो, आणि दुरुस्तीसाठी बोलावलेला इसम दोन शब्दांत निकाल देतो : ‘फॉरमॅट करा.’ वस्तुतः अशा बहुतेक प्रसंगी त्या गुणयाद्या पेनड्राइव्हमध्येच असतात. किडीने त्या केवळ दडवलेल्या असतात. फॉरमॅट केल्यावर मात्र त्या परत हाती लागणे दुरापास्त होते. रोगाने जे नेले नव्हते, ते उपचाराने नेले!

या किडीला संगणकाच्या परिभाषेत ‘वर्म’ म्हणतात. विषाणू दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमाला चिकटून पसरतो. वर्म हा स्वतःच एक कार्यक्रम असतो आणि आपल्या नकला आपणच काढतो. हातोहात फिरणाऱ्या साधनावरून होणारा हा प्रसार नवा नाही. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीवरून जगभर हिंडला होता. फ्लॉपी गेली आणि पेनड्राइव्ह आला. वाहन बदलले, प्रवासी तोच राहिला.

या किडीच्या स्वभावाचा सर्वांत बोधप्रद नमुना म्हणजे ‘कॉनफिकर’. विंडोज प्रणालीतील एका दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबर २००८ रोजी जाहीर केली होती. त्या दोषाचा फायदा घेणारा कॉनफिकर त्यानंतर, नोव्हेंबरात, प्रकट झाला. म्हणजे औषध आधी आले आणि साथ मागाहून पसरली! तरीही लाखो संगणक तिला बळी पडले, कारण औषध बाटलीतच राहिले होते. वर्षअखेरीस आलेल्या त्याच्या दुसऱ्या अवताराने पेनड्राइव्हचा आश्रय घेतला. पेनड्राइव्ह लावताच त्यातील कार्यक्रम आपोआप सुरू करण्याची ‘ऑटोरन’ नावाची सोय विंडोजमध्ये होती. कॉनफिकरने आपली फाईल ‘रिसायक्लर’ नावाच्या आडबाजूच्या फोल्डरमध्ये लपवली आणि पडद्यावर येणाऱ्या यादीत ‘फोल्डर उघडा’ असा साळसूद पर्याय फोल्डरच्या चित्रासह मांडला. वापरणारा तो पर्याय निवडी आणि स्वतःच्या हाताने चोराला दार उघडून देई. आत शिरल्यावर हा चोर प्रथम पहारेकऱ्यालाच बांधून ठेवी. स्वयंचलित दुरुस्त्या बंद पाडणे, विषाणूरोधक कंपन्यांच्या संकेतस्थळांची वाट अडवणे, सोपे पासवर्ड अटकळीने ओळखून शेजारच्या संगणकांत शिरणे, हे त्याचे उद्योग होते.

परिणाम क्षुल्लक नव्हते. २०१० मध्ये इंग्लंडातील ग्रेटर मँचेस्टर पोलिसांना आपली यंत्रणा काही दिवस राष्ट्रीय पोलीस संगणकापासून तोडून ठेवावी लागली. २०१६ मध्ये जर्मनीतील गुंडरेमिंगेन अणुवीजकेंद्राच्या काही संगणकांवर आणि १८ पेनड्राइव्ह व तत्सम साधनांवर ज्या किडी सापडल्या, त्यांत कॉनफिकरही होता. दुरुस्ती उपलब्ध होऊन तेव्हा जवळजवळ आठ वर्षे लोटली होती!

हा केवळ तंत्रज्ञानाचा प्रश्न असता तर तो २००८ सालीच सुटला असता. त्याचे मर्म अर्थशास्त्रात आहे. खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावत पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली विशद केली. कारखान्याचा धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो, पण कारखानदाराच्या हिशेबवहीत येत नाही. रोगट संगणकाचेही तसेच आहे. ज्या झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर शेकडो पेनड्राइव्ह लावले जातात, तेथील दुकानदाराचे काम कीड असूनही चालू राहते. नुकसान होते ते प्रबंध छापायला आलेल्या विद्यार्थ्याचे, आणि त्याच्यामार्फत त्याच्या विभागाचे. स्वच्छतेचा खर्च एकाने करायचा आणि लाभ इतरांनी घ्यायचा, अशी रचना असली की स्वच्छता कोणीच करीत नाही. एकट्याने आपला संगणक धुऊन काढणे हे गावात साथ असताना एकाच घराने पाणी उकळून पिण्यासारखे आहे. ते आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

म्हणूनच उपचाराचा क्रम महत्त्वाचा ठरतो. पेनड्राइव्ह साफ करून तो पुन्हा त्याच रोगट संगणकाला लावणे म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. प्रथम संगणक जाळ्यापासून तोडावा. विषाणूरोधक साधन दुसऱ्या, निर्दोष संगणकावरून आणावे, कारण रोगी यंत्राला औषधाच्या दुकानाची वाटच बंद केलेली असू शकते. तपासणी व सफाई झाल्यावर दुरुस्त्या बसवाव्यात, ऑटोरन बंद करावे आणि पासवर्ड बदलावेत. त्यानंतर संस्थेतील एकूण एक पेनड्राइव्ह तपासावा. एक जरी सुटला तरी सारे श्रम वाया जातात. दडलेल्या फायली सर्वांत शेवटी ‘ॲट्रिब’ या आज्ञेने दृश्य करता येतात. बाण असलेल्या चिन्हावर मात्र चुकूनही टिचकी मारू नये. तीच किडीला जागवणारी कळ असते.

पेनड्राइव्हवर सरसकट बंदी का घालू नये, असे कोणी विचारील. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने नोव्हेंबर २००८ मध्ये अशाच एका किडीच्या प्रादुर्भावानंतर ती घालून पाहिली आणि २०१० मध्ये ती शिथिल केली. जेथे आंतरजाल मध्येच खंडित होते, त्या तालुक्याच्या गावी अशी बंदी कागदावरच राहील. याउलट मूळ सोयच सुधारल्याने काय साधते, हेही दिसले आहे. मायक्रोसॉफ्टने २०११ च्या फेब्रुवारीत जुन्या विंडोजमध्ये पेनड्राइव्हपुरते ऑटोरन बंद करणारी दुरुस्ती सर्वदूर पाठवली आणि त्या मार्गाने होणारा प्रादुर्भाव लक्षणीय घटला. कोट्यवधी माणसांना सावधगिरीचा उपदेश करण्यापेक्षा एक सदोष सोय काढून टाकणे अधिक फलदायी ठरले. अर्थात कीडही स्वस्थ बसली नाही. तिने बाणाच्या चिन्हांचा मार्ग अधिक चोखाळला.

आपल्या शिक्षणसंस्थांनी यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. संगणक खरेदीला तरतूद असते, उद्घाटनाला पाहुणे असतात. देखभालीचे शीर्षक मात्र अंदाजपत्रकात बहुधा शोधावे लागते. विंडोज १० चा नियमित दुरुस्तीपुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. अशा यंत्रांचे पुढे काय करायचे, याचा निर्णय किती संस्थांनी घेतला आहे? केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने २०१७ पासून सफाईची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. म्हणजे उणीव पैशापेक्षा व्यवस्थेची आहे. दारातच एक तपासणीचा संगणक, दुरुस्त्यांची जबाबदारी असलेला एक नेमलेला माणूस आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची वेगळी ठेवलेली प्रत, एवढ्या तीन गोष्टी कोणत्याही महाविद्यालयाला अशक्य नाहीत.

त्या होईपर्यंत गुणयाद्या हरवल्याचा ठपका त्या कारकुनावर ठेवणे सोयीचे असेल. न्याय्य मात्र नाही. त्याने लावलेला पेनड्राइव्ह हे निमित्त होते. दार उघडे ठेवण्याचा निर्णय, किंबहुना ते बंद करण्याचा निर्णयच न घेणे, हे वरच्या खुर्चीतले काम होते.