एका घराचं अडलं की पाच घरांचं अडतं : इंग्लंडमधली घरखरेदीची ‘चेन’ नेमकी काय भानगड आहे?

तारीख १८ जुलै २०२४, वार गुरुवार. इंग्लंडमध्ये काही कुटुंबांचं सामान पॅक झालेलं, पण नव्या घराची किल्ली हातात येईना. कारण काय, तर मोठ्या रकमा बँकेतून बँकेत पाठवणाऱ्या ‘चॅप्स’ या यंत्रणेत अडथळा आला होता. ही यंत्रणा बँक ऑफ इंग्लंड चालवते. आंतरराष्ट्रीय पेमेंट व्यवस्थेतल्या बिघाडामुळे उशीर होतोय आणि काही घरखरेद्यांनाही त्याचा फटका बसू शकतो, असं बँकेने सांगितलं. बिघाड त्याच दिवशी दूर झाला.

पण प्रश्न उरतोच. एकाचे पैसे दोन तास उशिरा आले, तर भलत्याच गावातलं भलतंच कुटुंब रस्त्यावर का थांबतं? याचं उत्तर ‘प्रॉपर्टी चेन’ या शब्दात आहे. लेक, जावई किंवा मित्र तिकडे घर घेतोय असं सांगणारे बरेच जण आपल्याकडे आहेत. त्यांच्यासाठीही हे समजून घेणं कामाचं आहे.

चेन म्हणजे काय?

समजा, एक तरुण जोडपं भाड्याच्या घरातून पहिला फ्लॅट घ्यायला निघालंय. त्या फ्लॅटचे मालक तो विकून दोन बेडरूमचं घर घेणार आहेत. त्या घराचे मालक ते विकून बागेचं मोठं घर घेणार. आणि मोठ्या घरातल्या आजी ते विकून छोट्या, रिकाम्या घरात जाणार. झाली चार व्यवहारांची साखळी.

प्रत्येकाला नवं घर घ्यायला जुन्या घराचे पैसे हवेत. म्हणून पैसे खालून वर जातात आणि किल्ल्या एकाच दिवशी सगळीकडे हातबदल होतात. सगळ्यात खाली असतो तो, ज्याला काहीच विकायचं नाही. सगळ्यात वर असतो तो, ज्याला दुसऱ्या कुणाचं घर रिकामं होण्याची वाट बघायची नाही. मधले सगळे एकमेकांवर अवलंबून, आणि त्यातले बहुतेक एकमेकांना ओळखतही नाहीत.

‘सोल्ड’ची पाटी लागली, मग भीती कसली?

खरी गोम इथे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मालकाने तुमची ऑफर स्वीकारली, तरी ती कायद्याने कुणालाच बांधत नाही. १९८९ च्या कायद्यानुसार जमीन-घराच्या विक्रीचा करार लेखी आणि सहीचाच लागतो. तो करार प्रत्यक्ष होतो तेव्हा त्याला ‘एक्स्चेंज’ म्हणतात. ऑफरपासून एक्स्चेंजपर्यंत कित्येक आठवडे, अनेकदा काही महिने जातात. या काळात कुणीही, कारण न देता, बाजूला होऊ शकतो.

मालक ऐनवेळी जास्त पैसे देणारा दुसरा गिऱ्हाईक पकडू शकतो. याला तिकडे ‘गझंपिंग’ म्हणतात. उलट, सही तोंडावर आल्यावर खरेदीदार भाव पाडून मागू शकतो. ते ‘गझंडरिंग’. दोन्ही प्रकारांना मनस्तापाशिवाय शिक्षा नाही. वकिलाची फी, घराच्या तपासणीचा खर्च, कर्जाची कागदपत्रं यांवर गेलेले पैसे मात्र बुडतात.

एक्स्चेंजनंतर चित्र पालटतं. तेव्हा साधारण १० टक्के रक्कम भरलेली असते. ठरलेल्या दिवशी व्यवहार पूर्ण केला नाही, तर साधारणपणे १० कामकाजाच्या दिवसांची नोटीस मिळते आणि तरीही जमलं नाही, तर ती रक्कम जाऊ शकते. ४ लाख ५० हजार पाउंडांच्या घरावर ४५ हजार पाउंड!

चेन तुटते कशी?

कारणं अगदी घरगुती असतात. कुणाची नोकरी जाते. कुणाचा घटस्फोट होतो. घराच्या तपासणीत ओल किंवा छताची भानगड निघते. कर्जाच्या मंजुरीची मुदत संपते. एखादा वकील उत्तरच देत नाही.

कधी धक्का देशपातळीवरचा असतो. २३ सप्टेंबर २०२२ ला तेव्हाच्या सरकारने ‘मिनी बजेट’ मांडलं, बाजार हादरला आणि बँकांनी शेकडो कर्ज योजना मागे घेतल्या. चेनमधल्या एका माणसाचा हप्ता परवडेनासा झाला की बाकीच्यांची घरंही लटकतात.

एका दिवसाची किंमत किती?

३१ मार्च २०२५ चं उदाहरण घ्या. त्या दिवशी मुद्रांक शुल्कातली वाढीव सवलत संपली. पहिलं घर घेणाऱ्यांना तोवर ४ लाख २५ हजार पाउंडांपर्यंत शुल्क नव्हतं. १ एप्रिलपासून ही मर्यादा ३ लाखांवर आली. म्हणजे ४ लाख ५० हजारांच्या घरावर ३१ मार्चला १,२५० पाउंड लागत होते, दुसऱ्या दिवशी ७,५००. फरक ६,२५० पाउंडांचा. वरच्या कुणाची कागदपत्रं एक दिवस उशिरा आली, तर बिल खालच्या जोडप्याला.

मग आधी नवं घर घेऊन, जुनं सावकाश का विकत नाहीत?

कारण दुसरं घर हातात असताना घर घेतलं, तर किमतीवर ५ टक्के जादा शुल्क लागतं. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर ३ वरून ५ टक्के झाला. ४ लाख ५० हजारांवर ते होतात २२,५०० पाउंड. जुनं राहतं घर ३ वर्षांत विकलं तर हे पैसे परत मागता येतात, पण आधी भरावे लागतातच. शिवाय दोन घरांचा खर्च. म्हणून बहुतेक जण चेनमध्येच अडकून राहणं पत्करतात.

आणि इथेच मराठी माणसाने कान टवकारावेत. हा नियम लावताना जगभरातली घरं मोजली जातात. पुण्यात किंवा ठाण्यात तुमच्या नावावर फ्लॅट असेल, तर इंग्लंडमध्ये तुम्ही ‘पहिलं घर घेणारे’ ठरत नाही. जोडप्यातल्या एकाचंच घर असलं तरी सवलत जाते. वारशाने मिळालेलं घरही यात धरलं जातं. त्या फ्लॅटची किंमत ४० हजार पाउंड किंवा जास्त असेल, तर सहसा जादा शुल्कही लागतं. तेव्हा वरच्याच घरावर ७,५०० ऐवजी एकूण ३५,००० पाउंड भरावे लागतील. हा हिशोब चेनच्या मधोमध लक्षात आला, तर पैसे कमी पडतात आणि तुटणारी कडी तुम्हीच असता.

सरकार काय करतंय?

प्रयत्न जुना आहे. २००७ मध्ये विक्रेत्याने घराची माहिती आधीच जमवून ठेवायची, असा ‘होम इन्फर्मेशन पॅक’ सक्तीचा झाला. तो खर्चिक आणि अपुरा ठरल्याची टीका झाली आणि मे २०१० मध्ये नव्या सरकारने तो गुंडाळला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने पुन्हा प्रस्ताव मांडले. घराची स्थिती, चेन किती लांब आहे, ही माहिती विक्रेत्याने सुरुवातीलाच द्यायची. आणि ऐनवेळी माघार घेणं अवघड व्हावं म्हणून लवकर बांधून टाकणाऱ्या करारांचा पर्याय. यामुळे खरेदीचा वेळ साधारण ४ आठवड्यांनी घटेल, पहिलं घर घेणाऱ्यांचे सरासरी ७१० पाउंड वाचतील आणि फिसकटणारे व्यवहार निम्म्यावर येतील, असा सरकारचा दावा आहे.

शेजारचं स्कॉटलंड या बाबतीत पुढे आहे. तिथे २००८ पासून विक्रेत्याला ‘होम रिपोर्ट’ द्यावा लागतो आणि दोन्हीकडच्या वकिलांची पत्रं जुळली की करार बांधतो. पण तिथेही चेन असतातच. कारण जुनं विकूनच नवं घ्यायची गरज कायदा बदलून संपत नाही. कायदा फक्त अनिश्चिततेचा काळ कमी करू शकतो.

आपल्याकडे असं का होत नाही?

होतं, फक्त त्याला नाव नाही. डोंबिवलीचा वन बीएचके विकून ठाण्यात टू बीएचके घेणाऱ्याला विचारा. गिऱ्हाइकाचं कर्ज अडलं, की ठाण्याच्या मालकाला दिलेला टोकन धोक्यात.

तरी दोन गोष्टींमुळे आपल्याकडे दोर थोडा सैल असतो. एक, टोकननंतर साठेखत होऊन दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झाली की दोघेही बांधले जातात आणि पैसे टप्प्याटप्प्याने देता येतात. दुसरं, जुन्या घराच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर वाचवायला नवं घर विक्रीच्या १ वर्ष आधी किंवा नंतर २ वर्षांत घेतलं तरी चालतं. म्हणजे एकाच दिवशी सगळं जुळवायची सक्ती नाही. मधले काही महिने भाड्याने किंवा नातेवाइकांकडे निघतात.

चेनमध्ये असाल तर काय करायचं?

• चेन किती लांब आहे आणि प्रत्येकाचं काम कुठवर आलंय, हे एजंटला दर आठवड्याला विचारा.
• कर्जमंजुरीची शेवटची तारीख आधीच पाहून ठेवा आणि मुदतवाढ मिळते का ते विचारा.
• भारतातलं घर वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा.
• एक्स्चेंज होईपर्यंत भाड्याच्या घराची नोटीस देऊ नका.
• पैसे शुक्रवारी पाठवायचं शक्यतो टाळा. त्या दिवशी गर्दी असते आणि अडलं तर थेट सोमवार उजाडतो.

ऑफर स्वीकारल्याचा फोन आला की पेढे वाटावेसे वाटणारच. पण इंग्लंडात ते एक्स्चेंजच्या दिवशीच वाटलेले बरे.