अखनाईच्या भट्टीची उरलेली गोष्ट

१/१०
ज्यू नीतिपरंपरेतील वचने आज समाजमाध्यमांवर विपुल आढळतात. सुबक चित्र, त्यावर हिलेलचे एखादे वाक्य. वाचणाऱ्याला बरे वाटते आणि बोट पुढे सरकते. माझे मत असे, की ही परंपरा सुट्या वचनांतून हाती लागत नाही. ती वादांतून, तेही शेवटपर्यंत वाचलेल्या वादांतून, उलगडते. एका प्रसिद्ध कथेवरून हे पाहू.

२/१०
प्रथम ग्रंथाविषयी. इ. स. २०० च्या सुमारास रब्बी यहूदा हानासी यांनी गालीलमध्ये मौखिक धर्मनियमांचे संकलन केले, ती 'मिश्ना'. तिच्यावर पुढील काही शतके बॅबिलोनियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, विद्यापीठांत झालेली चर्चा म्हणजे 'गेमारा'. दोन्ही मिळून बॅबिलोनी तालमूद होतो.

३/१०
त्यातील 'बावा मेत्सिया' या भागाचा चौथा अध्याय व्यापारातील फसवणुकीविषयी आहे. वाजवी किमतीहून एक षष्ठांश अधिक घेतल्यास ग्राहकाला दाद मागता येते. इथवर सारा रुक्ष बाजारकायदा.

४/१०
मग मिश्ना अनपेक्षित वळण घेते. जसा व्यवहारातील अन्याय, तसाच शब्दांतील. विकत घेण्याचे मनात नसताना दुकानदाराला भाव विचारू नये. पश्चात्ताप करून परतलेल्याला त्याच्या जुन्या कृत्यांची आठवण देऊ नये. दोन्ही अन्यायांना शब्द एकच: 'ओनाआ'.

५/१०
गेमारातील मत असे, की शब्दांचा अन्याय अधिक गंभीर. पैसे परत करता येतात. झालेला अपमान परत घेता येत नाही. शिवाय भाव विचारणाऱ्याच्या मनात काय होते, हे कोणतेही न्यायालय सिद्ध करू शकत नाही. ते फक्त त्यालाच ठाऊक.

६/१०
याच चर्चेत 'अखनाईची भट्टी' ही कथा येते. तुकडे जोडून रचलेली भट्टी विधिदृष्ट्या अशुद्ध होऊ शकते का, असा वाद. रब्बी एलिएझर एकटे म्हणतात, नाही. त्यांच्या बाजूने झाड जागचे हलते, पाणी उलटे वाहते, आकाशवाणीही होते. तरीही रब्बी यहोशुआ उठून बजावतात, की धर्मशास्त्र आता स्वर्गात नाही. निर्णय बहुमताने होईल.

७/१०
बहुतेक जण इथेच थांबतात. चमत्कारावर युक्तिवादाचा विजय! हा अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. कारण कथा पुढे चालू राहते.

८/१०
विजयी बहुमत एलिएझरांना बहिष्कृत करते. ही वार्ता सांगायला रब्बी अकिवा काळी वस्त्रे नेसून जातात आणि त्यांच्यापासून अंतर राखून बसतात. एलिएझरांच्या डोळ्यांतून अश्रू येतात. जैतून, गहू आणि जव यांचे एक तृतीयांश पीक नष्ट होते. पुढे सभेचे प्रमुख रब्बान गमलिएल मृत्यू पावतात. एलिएझरांची पत्नी इम्मा शालोम ही गमलिएलांचीच बहीण. दुखावलेल्याच्या हाकेसाठी स्वर्गाचे दार कधी बंद होत नाही, हे ती जाणून होती.

९/१०
तरी ग्रंथ गमलिएलांनाही दोषी ठरवून मोकळा होत नाही. समुद्रात वादळ उठते तेव्हा ते सांगतात, की हे स्वतःच्या मानासाठी केले नाही. समाजात फूट वाढू नये म्हणून केले. समुद्र शांत होतो. म्हणजे बहुमताचा निर्णय मान्य, हेतूही शुद्ध. पण एका माणसाचा केलेला अपमान मात्र पुसला जात नाही. शब्दांच्या अन्यायाच्या अध्यायात ही कथा का आहे, ते इथे कळते.

१०/१०
प्रत्येकाने तालमूद मुळातून वाचावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. वचन हे दार ठरू शकते, हेही मान्य. परंतु ज्यू अभ्यासगृहांत 'हाव्रुता' म्हणजे जोडीने, वाद घालत वाचण्याची रीत आहे. जोडीदार सोयीच्या ओळीवर थांबू देत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने एवढी सवय तरी उचलावी. वादात आपली बाजू जिंकली, की पान मिटण्याचा मोह होतो. हरलेल्याचे काय झाले, हे पुढच्या ओळीत असते.