मॅक्स बॉर्न बंगळूर सोडून का गेले? एका लाडक्या गोष्टीची झाडाझडती

परदेशातील नामवंत शास्त्रज्ञांना भारतात आणण्याचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९३५ साली सी. व्ही. रामन यांनी नाझी राजवटीने पदावरून दूर केलेल्या मॅक्स बॉर्न यांना बंगळूरला आणले. एका इंग्रज प्राध्यापकाने भरबैठकीत त्यांचा पाणउतारा केला. बॉर्न निघून गेले. १९५४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि भारताने हातचे रत्न गमावले. खलनायक सापडला, हळहळ व्यक्त झाली, विषय मिटला.

यातील एकेक घटना खरी आहे. तरीही ही गोष्ट इतिहास म्हणून फारशी कामाची नाही, असे या धाग्याचे प्रतिपादन आहे. ती नेमका तोच प्रश्न झाकून ठेवते, जो विचारायला हवा.

आधी घटनाक्रम. ७ एप्रिल १९३३ च्या नाझी कायद्याने ज्यू सरकारी नोकरांना सेवेतून काढण्याचा मार्ग मोकळा केला. त्याच महिन्यात गटिंगेनचे प्राध्यापक बॉर्न निलंबित झाले. पुंजयामिकीचा पाया ज्या विद्यापीठात घातला गेला, त्याच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक असलेला हा माणूस वयाच्या पन्नाशीत केंब्रिजमध्ये तात्पुरत्या अध्यापकपदावर दिवस काढत होता. त्याच वर्षी रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. जर्मनीतून बाहेर फेकल्या गेलेल्या बुद्धीचा लाभ आपल्या देशाने घ्यावा, ही त्यांची दृष्टी निःसंशय थोर होती. पश्चिमेतील अनेक विद्यापीठे कचरत असताना बंगळूरहून निमंत्रण गेले, हे विसरता कामा नये.

१९३५ च्या हिवाळ्यात बॉर्न पत्नीसह बंगळूरला आले. सुमारे सहा महिने राहिले, शिकवले, एन. एस. नागेंद्रनाथ या तरुण भारतीय सहकाऱ्याबरोबर संशोधन केले आणि ते रामन यांनीच स्थापन केलेल्या अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्धही केले. रामन यांना त्यांच्यासाठी कायमचे अध्यासन हवे होते. प्रस्ताव प्राध्यापकांच्या बैठकीत आला. तेथे विद्युत् अभियांत्रिकीचे इंग्रज प्राध्यापक अ‍ॅस्टन उठले आणि स्वदेशातून हाकललेला दुय्यम दर्जाचा परकीय आपल्याला चालणार नाही, अशा आशयाचे बोलले. बॉर्न स्वतः तेथे उपस्थित होते. घरी परतल्यावर आपल्याला रडू आवरले नाही, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

अ‍ॅस्टन यांचे उद्गार हीन होते. त्यांचे समर्थन येथे कोणी करणार नाही. पण एका माणसाच्या हीन उद्गारांनी एक अध्यासन बुडू शकते, तर त्या अध्यासनाच्या बुडाशी होते तरी काय, हा प्रश्न गोष्ट सांगणारे विचारत नाहीत.

बुडाशी जवळजवळ काहीच नव्हते. जमशेटजी टाटांच्या संकल्पनेतून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९०९ मध्ये उभी राहिलेली ही संस्था मुख्यतः रसायनशास्त्र आणि विद्युत् तंत्रज्ञानाची होती. भौतिकशास्त्राचा विभाग तेथे रामन आल्यानंतर, १९३३ मध्ये सुरू झाला. नवा विभाग, नवा संचालक, आणि संचालकच त्या विभागाचा प्राध्यापक. जुन्या विभागांना वाटू लागले की आपल्या ताटातले काढून भौतिकशास्त्राच्या ताटात वाढले जात आहे. ही तक्रार कितपत रास्त होती यावर वाद घालता येईल. ती अस्तित्वात होती यावर नाही. अशा वातावरणात सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे स्वतंत्र अध्यासन मागणे म्हणजे धुमसत्या ढिगावर तेल ओतणे होते. बॉर्न यांचा पाहुणचार रामन यांनी केला. पण त्यांच्या पगाराला सर्वमान्य तरतूद आणि त्यांच्या विषयाला संस्थेत जागा, या दोन गोष्टी आधी मिळवून ठेवल्या नाहीत. पाहुण्याला बोलावून मग घरात भांडण सुरू करावे, तसा हा प्रकार झाला. १९३६ मध्ये सर जेम्स आयर्विन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने संस्थेची पाहणी केली आणि १९३७ मध्ये रामन यांना संचालकपद सोडावे लागले. बॉर्न यांचे प्रकरण हा त्या मोठ्या संघर्षाचा एक तुकडा होता. तो तुकडा उचलून त्याची स्वतंत्र शोकांतिका करणे सोपे असते, कारण मग संस्थेचा हिशेब पाहावा लागत नाही.

रामनप्रेमींना हे रुचणार नाही. पण रामन यांना निष्पाप नायक ठरवण्यासाठी अ‍ॅस्टन यांना सर्वशक्तिमान करावे लागते, आणि तो सन्मान अ‍ॅस्टन यांना मिळू नये!

शिवाय या संस्थेचा जन्मच बाहेरून आणलेल्या शास्त्रज्ञाच्या हातून झाला होता. पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स म्हणजे विल्यम रॅम्से यांच्यासह निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन शोधणारे रसायनज्ञ. तेही वादांच्या गर्तेत १९१४ मध्ये परत गेले. दोन दशकांनी तोच धडा पुन्हा पुढ्यात आला.

आता त्याच १९३३ सालचे इस्तंबूल पाहा. अतातुर्क यांच्या सरकारने ३१ जुलै रोजी जुने दारुलफुनून बंद केले आणि दुसऱ्याच दिवशी नवे इस्तंबूल विद्यापीठ सुरू केले. त्याआधी जुलैच्या सुरुवातीला निर्वासित जर्मन प्राध्यापकांच्या झुरिकमधील संघटनेचे फिलिप श्वार्त्झ शिक्षणमंत्री रेशित गालिप यांच्यासमोर बसले होते. काही तासांच्या त्या बैठकीत अनेक अध्यासनांचा प्रश्न सुटला. गणितज्ञ रिचर्ड फॉन मिझेस, खगोलशास्त्रज्ञ एर्विन फ्रॉइंडलिख, रसायनज्ञ फ्रिट्झ आर्न्ट असे लोक तेथे गेले. करार लेखी होते. त्यात पगार होता, आणि अटीही होत्या: ठरावीक काळात तुर्की भाषा शिकावी, त्या भाषेत पाठ्यपुस्तके तयार करावीत. तोवर सहायक व्याख्यानांचे वाक्यागणिक भाषांतर करीत.

इस्तंबूलचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. जुन्या विद्यापीठातील अर्ध्याहून अधिक अध्यापक घरी बसवले गेले. त्या जागांवरच परदेशी बसले. ती कटुता टिकली. अनेक निर्वासितांनी पुढे अमेरिकेची वाट धरली. फॉन मिझेस १९३९ मध्येच गेले. आर्न्ट मात्र १९५० च्या दशकापर्यंत टिकले. ते पहिल्या महायुद्धाच्या काळातही इस्तंबूलमध्ये शिकवून गेले होते आणि त्यांना भाषा येत होती. हा योगायोग नव्हे.

म्हणजे तुर्की सरकारने बंगळूरच्या नेमके उलट केले: आधी जागा रिकाम्या केल्या, मग माणसे आणली. किंमत कोणी मोजली, हे दोन्हीकडे स्पष्ट दिसते. बोलावण्याची किंमत कोणीतरी मोजतोच, आणि ती कोणी मोजायची हे आधी ठरवले नाही तर पाहुणाच ती मोजतो.

भारतातही हे नीट घडल्याची उदाहरणे आहेत. ती गोष्टीइतकी चटकदार नसल्याने मागे पडतात. होमी भाभा यांनी १९५१ मध्ये बर्नार्ड पीटर्स यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणले. पीटर्स जर्मनीत दाखाऊच्या छळछावणीतून सुटून अमेरिकेत गेलेले आणि तेथे साम्यवादी असल्याच्या संशयाने घेरलेले भौतिकशास्त्रज्ञ होते. ते मुंबईत काही वर्षे राहिले. विश्वकिरणांवरील त्यांच्या कामाभोवती देवेंद्र लाल आणि यशपाल यांच्यासारखे तरुण तयार झाले. पीटर्स दशकाच्या अखेरीस कोपनहेगनला गेले; कोणी हळहळले नाही, कारण मागे माणसे उरली होती.

त्याच संस्थेत के. चंद्रशेखरन यांनी गणितात आणखी शहाणा मार्ग काढला. ते स्वतः १९४९ मध्ये प्रिन्स्टनहून आले, आणि कार्ल लुडविग झीगेल, लॉरां श्वार्त्झ यांच्यासारख्यांना कायमचे राहायला न सांगता काही आठवडे-महिन्यांसाठी बोलावले. व्याख्यानांची टिपणे तरुण विद्यार्थ्यांनी लिहून काढायची, मग ती छापायची. टिपण लिहिता लिहिता विद्यार्थी विषयात मुरत. आज ‘वज्र’सारख्या योजनेत परदेशस्थ शास्त्रज्ञ १ ते ३ महिन्यांसाठी येऊ शकतात. तिची टर उडवणाऱ्यांनी आणि तिचा डंका पिटणाऱ्यांनी, दोघांनीही, समोर वही घेऊन कोण बसले आहे ते आधी विचारावे.

आणि बॉर्न? बंगळूरनंतर प्योत्र कापित्सा यांनी त्यांना मॉस्कोला बोलावले. बॉर्न रशियन शिकूही लागले होते. तेवढ्यात एडिनबरोचे अध्यासन रिकामे झाले आणि १९३६ च्या ऑक्टोबरात ते तेथे रुजू झाले. तेथे तरतूद होती, पद होते, निवृत्तीपर्यंत पुरेल असा काळ होता. १९४० च्या दशकात स्फटिकांच्या जालकस्पंदनांवरून रामन यांनी बॉर्न यांच्या सिद्धान्ताविरुद्ध कडवा वाद मांडला. ज्यांना अध्यासन देण्यासाठी ते संस्थेशी भांडले होते, त्यांच्याशीच. हे दोघे बंगळूरला एका छताखाली दहा वर्षे नांदले असते का, हा प्रश्न हळहळ करणाऱ्यांनी स्वतःला कधी विचारला आहे काय?

एडिनबरोत बॉर्न यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवणाऱ्यांत पेंग हुआनवू आणि चेंग कायज्या हे दोन चिनी तरुण होते. पेंग १९४७ मध्ये आणि चेंग १९५० मध्ये चीनला परतले, आणि पुढे दोघेही चिनी अण्वस्त्र कार्यक्रमाच्या आघाडीच्या शास्त्रज्ञांत मोजले गेले.