पोथ्या मोजू नका, वंशावळ काढा

आंतरजालावरचा मजकूर विश्वासार्ह आहे का, हे हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेलाच विचारलं जातं. हा अभंग तुकारामांचाच का? हे वाक्य आंबेडकरांचंच का? यंत्र क्षणात निर्वाळा देतं. अनुवादक आणि संपादक निर्धास्त होतात. माझं भांडण या निर्धास्तपणाशी आहे.

यंत्र चुकतं ही माझी तक्रार नाही, माणसंही चुकतात. पण कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे शिकत ते घडलेलं असतं. जे पुष्कळदा लिहिलं गेलं, ते त्याच्या जिभेवर आधी येतं. त्याला आंतरजालावर शोध घ्यायला लावलं, तरी सापडलेली दहा पानं एकाच पानाच्या नकला असू शकतात.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात १,२५९ हस्तलिखितं तपासून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी पोथ्यांची नुसती मोजणी केली नाही. लिपी आणि प्रांत पाहून त्यांच्या शाखा लावल्या. एकमेकींपासून स्वतंत्र शाखा जिथे जुळतात, त्या पाठाला वजन दिलं. एका पोथीच्या पन्नास नकला म्हणजे साक्षीदार एकच. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ही घरोघरची कथा. आदिपर्वाच्या मुख्य संहितेत तिलाही जागा मिळाली नाही, ती परिशिष्टात गेली. लोकप्रियता म्हणजे पुरावा नव्हे, हे आपल्याला नव्यानं शिकायचं नाही.

याची दुसरी बाजू अधिक घातक आहे. मराठी, कोंकणी, संथाळी या भाषांतलं कितीतरी लेखन अजून कागदावरच आहे. जुन्या मासिकात एकदाच छापलेली खरी नोंद यंत्राला दिसतच नाही. ‘पुरावा आढळला नाही’ असं ते म्हणतं; आपण ‘तसं घडलंच नाही’ असं वाचतो. अशानं छोट्या भाषांचा इतिहास कोणी न जाळताही नाहीसा होईल.

यंत्राला पाठभेद जुळवू द्या, नकला हुडकू द्या. निवाडा मात्र त्याच्यावर सोपवू नका. हे प्रथम कुठे छापलं, केव्हा छापलं, मूळ पान कोणी पाहिलं? संपादकांनी हे तीन प्रश्न अनुवादकाला विचारावेत. उत्तर ‘यंत्र म्हणालं’ असं आलं, तर मजकूर परत पाठवावा. माझा असला तरी.