निरोगी माणसाच्या डोळ्यामागचे माप कशाला घ्यायचे?

सोनोग्राफी म्हटली की आपल्याला पोट आठवते. डोळ्याचीही सोनोग्राफी होते, आणि कधी कधी ती डोळ्यासाठी नसून मेंदूसाठी असते, हे सांगितले की नातेवाईक हमखास म्हणतात, "डॉक्टर, मार डोक्याला लागलाय, डोळ्याला नाही!"

शंका रास्त आहे. पण डोळ्यामागची ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे दृष्टीची नस, ही खरे तर मेंदूचाच लांबलेला भाग आहे. मेंदूभोवती जी आवरणे आणि जे पाणी असते, तेच या नसेभोवतीही असते. माडांना शिंपण करताना रबरी नळीचे तोंड दाबून धरले की नळीचा मऊ भाग फुगतो, तसेच काहीसे इथे होते. रक्तस्राव, सूज किंवा गाठ यांमुळे कवटीतला दाब वाढला की पाणी नसेच्या आवरणात ढकलले जाते आणि आवरण फुगते. मिटलेल्या पापणीवर जेल लावून, डोळा न दाबता, बुबुळाच्या नव्हे तर डोळ्याच्या गोळ्याच्या मागे 3 मिलिमीटरवर त्याची रुंदी मोजतात. दोन्ही डोळ्यांचे माप घ्यायला काही मिनिटे पुरतात. दुखत नाही, क्ष-किरण लागत नाहीत. डोळाच फुटल्याची शंका असेल तर मात्र ही तपासणी करू नये.

आता प्रश्न येतो तो आकड्याचा. किती रुंदी म्हणजे जास्त? पुष्कळ ठिकाणी 5 मिलिमीटर ही रेघ धरतात. पण काही अभ्यासांत ती 5 च्या थोडी खाली आहे, काहींत 6 च्या जवळ. 2013 मध्ये बांगलादेशातल्या 136 निरोगी लोकांची मापे प्रसिद्ध झाली, तिथे मधला आकडा 4.4 च्या आसपास होता. निरोगी आणि आजारी यांच्यातला फरक अगदी थोडा असतो, आणि प्रोब जरा तिरका धरला तरी माप बदलते. म्हणूनच माझे ठाम मत आहे की परक्या मुलखातली रेघ जशीच्या तशी आपल्याकडे वापरू नये. आपल्या लोकांचे 'नॉर्मल' आपल्याच धडधाकट लोकांवर मोजायला हवे.

सिंधुदुर्गात हे महत्त्वाचे का, ते मालवणकरांना सांगायला नको. दुचाकीवरून पडलेला मुलगा ग्रामीण रुग्णालयातून ओरोसला आणि तिथून गरज पडल्यास बांबोळीला नाहीतर घाट चढून कोल्हापूरला जातो. पावसात घाटाचा भरवसा नाही. सीटी स्कॅन आणि मेंदूचा सर्जन दूर असताना, आधी कुणाला हलवायचे हे ठरवायला असे माप मदत करू शकते. मदतच, निर्णय नव्हे. माप 4.5 आले म्हणून डोक्यात रक्तस्राव नाही असे होत नाही. मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढती गुंगी, फिट किंवा एका बाजूची कमजोरी दिसली तर सोनोग्राफीसाठी अर्धा तासही घालवू नका.

"मग यंत्र रुग्णवाहिकेतच का ठेवत नाही?" असेही विचारतात. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि ते मनाला येईल तिथे फिरवता येत नाही. कायदा हवाच. डोळ्यामागे पाहणाऱ्या प्रोबलाही त्याचा जाच होतो, हेही खरे.

एक गोष्ट मात्र करू नका. डोके दुखते किंवा चष्म्याचा नंबर वाढला म्हणून स्वतः पैसे भरून हे माप काढून घेऊ नका. चांगल्या माणसाचे 5.1 आले की घरचे मोबाइलवर शोधतात आणि आठवडाभर कुणाला झोप नाही! एकट्या आकड्याला, लक्षणांशिवाय, फारसा अर्थ नसतो. सतत वाढती डोकेदुखी, अंधूक किंवा दुहेरी दिसणे असेल तर नेत्रतज्ज्ञाकडून पडदा तपासून घ्या, त्यातून जास्त कळते.

पण एखाद्या मेडिकल कॉलेजने अभ्यासासाठी निरोगी माणसे मागितली, तर जरूर पुढे व्हा. संमतीपत्र मराठीत मागा, वाचून मगच सही करा. संशोधनाच्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घेता कामा नयेत. आणि माप वेगळे आले तर पुढे कोण पाहणार, हे सही करण्याआधीच विचारून ठेवा.