एचआयव्ही उपचार : निदानानंतरची गळती रोखण्याचे आव्हान

एचआयव्हीचे निदान झालेल्या रुग्णाला उपचारांत टिकवून ठेवणे, हा एड्स नियंत्रण कार्यक्रमापुढील कळीचा प्रश्न आहे. औषधे मोफत असूनही पहिल्या काही महिन्यांतच अनेक रुग्ण उपचार केंद्राकडे पाठ फिरवतात.

चंदीगडमधील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, अर्थात पीजीआय, हे एचआयव्ही उपचारांचे उत्कृष्टता केंद्र असून पंजाब, हरियाणा व हिमाचल प्रदेशातील रुग्णही या संस्थेत येतात. गुंतागुंतीच्या आजारासाठी मोठे रुग्णालय गाठावेच लागते. मात्र ओळखीच्या कोणी पाहू नये, म्हणून दूरचे केंद्र निवडणारे रुग्ण देशात सर्वत्र आढळतात. गुप्ततेसाठी पत्करलेले हे अंतरच पुढे ओझे ठरते. प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि घरी सांगावयाचे कारण यांच्या ओढाताणीत एखादी खेप चुकते आणि पाठोपाठ औषध सुटते.

1 एप्रिल 2004 रोजी सरकारने मोफत उपचार सुरू केले, तेव्हा ते प्रतिकारशक्ती बरीच खालावलेल्यांपुरते मर्यादित होते. 2017 पासून निदान झालेल्या प्रत्येकाला औषध देण्याचे धोरण आहे. त्यामुळे प्रश्नाचे स्वरूपही पालटले. पूर्वी आजारपणच रुग्णाला केंद्रात आणत असे. आता कोणताही त्रास न जाणवणाऱ्या व्यक्तीला आयुष्यभर रोज गोळी घेण्यास राजी करावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये निदानानंतर सात दिवसांच्या आत, शक्य असल्यास त्याच दिवशी, उपचार सुरू करण्याची शिफारस केली. मेंदूज्वराची लक्षणे असल्यास मात्र आधी तपासणी आवश्यक असते. नियमित औषधाने रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके घटले व तसेच राहिले, तर लैंगिक संबंधांतून संसर्ग पसरत नाही. भेदरलेल्या रुग्णाला ही माहिती पहिल्याच भेटीत मिळणे महत्त्वाचे आहे.

घराजवळच्या संलग्न केंद्रातून औषध देणे, प्रकृती स्थिरावलेल्यांना एकाच वेळी काही महिन्यांचा साठा देणे आणि न आलेल्यांचा संमतीने पाठपुरावा करणे, हे उपाय उपलब्ध आहेत. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या कायद्याने गोपनीयतेची हमी व भेदभावापासून संरक्षणही दिले आहे. या हमीचा अनुभव घराजवळच्या केंद्रात येऊ लागला, तरच रुग्णाला ओळख लपवण्यासाठी दूर जावे लागणार नाही.